तबकडी-प्रतिबिंबांचा पुनर्मेळ

तबकडी-प्रतिबिंबांचा पुनर्मेळ : संगणकातील माहिती दोन वा अधिक चुंबकीय तबकड्यांवर एकाच वेळी तंतोतंत सारखी लिहून ठेवण्याच्या व्यवस्थेस तबकडी-प्रतिबिंबन वा मिररिंग म्हणतात. अशी प्रत्येक प्रत म्हणजे दुसरीचे प्रतिबिंब होय. काही कारणाने एक प्रत मागे पडली, तर तिला पुन्हा दुसरीच्या बरोबरीस आणण्याच्या क्रियेस पुनर्मेळ किंवा रीसिंक अशी संज्ञा आहे. दोन्ही तबकड्या एकाच पेटीत असतील, तर ही क्रिया तुलनेने सोपी असते. त्या दोन गावी असून तारेने वा प्रकाशीय तंतूने जोडलेल्या असतील, तर हीच वेळ सर्वांत नाजूक ठरते. जुळणी पूर्ण होईपर्यंत विश्वासार्ह अशी एकच प्रत उरलेली असते व तिला दगाफटका झाल्यास मागे काहीच राहत नाही. हा काळ आखूड कसा करावयाचा, या एका प्रश्नाभोवती या विषयाचा इतिहास फिरला आहे.

पूर्वपीठिका : महत्त्वाच्या लेखाच्या दोन प्रती ठेवण्याची व त्या जुळत्या राखण्याची निकड संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. पेढीवरील व्यवहार आधी रोजकीर्दीत घडतील त्या क्रमाने मांडले जात व सवडीने खतावणीत खातेवार चढविले जात. खतावणी मागे पडली, तरी शेवटची नोंद कोठवर चढली आहे एवढे ठाऊक असले म्हणजे पुढील पाने चढवून ती पुरी करता येई. सारी खतावणी नव्याने लिहावी लागत नसे. प्रतिबिंबांच्या पुनर्मेळाच्या दोन प्रमुख पद्धतींपैकी एकीचे तत्त्व नेमके हेच आहे.

दुसऱ्या तत्त्वाचे उत्तम उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सापडते. १९१९ मध्ये आरंभिलेले व १९६६ मध्ये पूर्ण झालेले हे कार्य देशभर विखुरलेल्या हस्तलिखितांच्या तुलनेवर आधारलेले होते. पोथ्यांचे मीलन पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतन व तंजावर येथेही केले जाई. आखीव कागदाच्या वरच्या ओळीत आधारभूत पाठाचे एकेक अक्षर एकेका चौकटीत लिहीत व खाली प्रत्येक पोथीच्या ओळीत केवळ निराळा असलेला पाठ भरीत. जेथे पाठ जुळतो तेथे चौकट रिकामी राही. तंजावरची पोथी पुण्यास न आणता तिच्यातील भेद तेवढे पुण्यास पोहोचत. दूरच्या प्रतीशी मेळ घालताना सर्व मजकूर पाठविण्याची गरज नाही, फरक पाठविले म्हणजे पुरते, हा विचार येथे विजेच्या साहाय्याशिवाय अमलात आलेला दिसतो.

एका जागी दोन प्रती : आय्‌बीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या रॅमॅक यंत्राबरोबर चुंबकीय तबकडीचा व्यापारी वापर सुरू झाला. त्याच्या संचयात ५० तबकड्या असून त्यांवर एकूण ५० लक्ष अक्षरे मावत. तबकडी वेगाने फिरते व तिच्यावरील लेखन-वाचन करणारे शीर्ष पृष्ठभागापासून अत्यल्प अंतरावर तरंगते. ते पृष्ठास टेकल्यास माहिती खरवडली जाते. यंत्र बिघडणारच, हे गृहीत धरून प्रत्येक रात्री माहितीची नक्कल चुंबकीय फितीवर काढण्याचा प्रघात पडला. परंतु फितीवरची नक्कल आदल्या रात्रीची असते. दिवसभरातील व्यवहार तिच्यात नसतात व बँका, विमानकंपन्या आणि रोखेबाजार यांना ही त्रुटी परवडण्यासारखी नव्हती.

१९७४ मध्ये स्थापन झालेल्या टँडेम या अमेरिकी कंपनीने १९७६ मध्ये जी अखंड चालणारी संगणक-प्रणाली विक्रीस आणली, तिच्यात प्रत्येक महत्त्वाची तबकडी जोडीने ठेवण्याची सोय होती. लेखन दोहोंवर होई, वाचन कोणत्याही एकीवरून करता येई. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने पुढील दशकात आपल्या व्हॅक्स संगणकांसाठी अशीच सोय करून तिला छाया असे नाव दिले. १९८८ मध्ये बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी स्वस्त तबकड्यांच्या समूहांवरील आपला प्रसिद्ध निबंध सादर केला. त्यांच्या वर्गीकरणात साध्या प्रतिबिंबनास पहिली पातळी हे स्थान मिळाले व रेड हा शब्द रूढ झाला.

त्याच वर्षी डीना बिटन व जिम ग्रे यांनी छाया-तबकड्यांच्या गुणधर्मांचे गणिती विवेचन प्रसिद्ध केले. जोडीच्या विश्वासार्हतेचा ढोबळ हिशोब असा : एका तबकडीच्या सरासरी आयुष्याचा वर्ग करावा व त्यास दुरुस्तीच्या काळाच्या दुपटीने भागावे, म्हणजे दोन्ही प्रती एकदम गमावण्यापूर्वीचा सरासरी काळ मिळतो. या भागाकारातील छेद दुर्लक्षिला जातो, पण खरी मेख तेथेच आहे. तबकडी दुप्पट टिकाऊ करणे कारखान्याच्या हाती असते. दुरुस्तीचा, म्हणजेच पुनर्मेळाचा काळ निम्मा करणे प्रणाली रचणाऱ्याच्या हाती असते व तसे केल्यास जोडीचे आयुष्य दुप्पट होते. अर्थात दोन तबकड्या परस्परांपासून स्वतंत्रपणे बिघडतात, हे या गणितामागील गृहीत आहे. आग, पूर व विजेचा लोळ हे गृहीत मानीत नाहीत.

अंतराची गरज : १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे अपुरे बांधकाम झालेले धरण फुटले व त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. मुठेच्या काठची नारायण पेठ, तिला लागून असलेली शनिवार पेठ, सदाशिव पेठेचा नदीकडील भाग आणि पलीकडचे डेक्कन जिमखाना यांत पाणी शिरले. लकडी पूल पाण्याखाली गेला. वाडे कोसळले, त्यांबरोबर घराघरांतील दप्तरे, दुकानांच्या वह्या व छापखान्यांतील कागद नष्ट झाले. ज्यांनी हिशोबाच्या वहीची नक्कल करून ती त्याच वाड्याच्या दुसऱ्या खणात ठेवली असेल, त्यांच्या मूळ व नक्कल अशा दोन्ही वह्या एकाच तासात भिजल्या. प्रतींची संख्या वाढविल्याने पुरापासून संरक्षण मिळत नाही; ते प्रतींमधील अंतराने मिळते. तेही कोणते अंतर, याला महत्त्व आहे. नारायण पेठेतील वहीची नक्कल नदीपलीकडे डेक्कनवर ठेवली असती, तरी तिचीही तीच गत झाली असती, कारण नदी दोन्ही काठांना सारखीच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला व मिठी नदीने याच अनुभवाची आठवण करून दिली.

दूरस्थ प्रतिबिंबन व्यापारी स्वरूपात १९९० नंतरच्या दशकात आले. ईएम्‌सी कंपनीने १९९४ मध्ये आपल्या मोठ्या साठवण-यंत्रांसाठी अशी सोय उपलब्ध केली व इतर उत्पादकांनी तिचे अनुकरण केले. येथे एक भौतिक मर्यादा आड येते. प्रकाशीय तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदास सु. दोन लक्ष किमी. असतो. मुंबई-चेन्नई हे सरळ अंतर सु. १,००० किमी. धरल्यास संदेश जाऊन पोच परत येण्यास किमान एक शतांश सेकंद लागतो. प्रत्येक लेखनाची पोच दूरच्या प्रतीकडून मिळेपर्यंत थांबावयाचे ठरविले, तर एकामागून एक होणारी लेखने सेकंदास शंभरापलीकडे जाऊ शकत नाहीत. मुंबई-पुणे अंतरावर हीच मर्यादा सु. आठशेवर जाते. पोचेसाठी थांबणाऱ्या पद्धतीस समकालिक आणि न थांबणाऱ्या पद्धतीस असमकालिक प्रतिबिंबन म्हणतात. पहिलीत काहीही गमावले जात नाही, पण काम मंदावते. दुसरीत काम वेगाने होते, मात्र संकटसमयी अखेरचे काही क्षण हातचे जातात. यामुळे मोठ्या संस्था तीन केंद्रे ठेवतात : मुख्य, काही किमी.वरील समकालिक निकट केंद्र व शेकडो किमी.वरील असमकालिक दूर केंद्र.

दुवा तुटल्यावर : दोन केंद्रांमधील दुवा वर्षभर अखंड राहील अशी अपेक्षा कोणताही अनुभवी अभियंता बाळगीत नाही. दुवा तुटला की मुख्य प्रतीपुढे दोनच मार्ग असतात : काम थांबविणे किंवा एकटीने पुढे जाणे. बहुधा दुसरा मार्ग पत्करला जातो व त्या क्षणापासून दोन्ही प्रतींत अंतर पडू लागते. दुवा पूर्ववत झाल्यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे संपूर्ण तबकडी पुन्हा पाठविणे. पूर्वीच्या प्रणाल्या तेच करीत. १९८० च्या सुमारास उपलब्ध असलेल्या सेकंदास ६४,००० बिट वाहणाऱ्या भाड्याच्या तारेवरून केवळ १०० कोटी बाइट पाठविण्यास सु. ३५ तास लागले असते. आज दुव्यांची क्षमता कित्येक हजार पटींनी वाढली आहे. पण तबकड्याही तशाच वाढल्याने गणित फारसे पालटलेले नाही. १० लक्ष कोटी बाइटांचा संचय सेकंदास १०० कोटी बिट वाहणाऱ्या दुव्यावरून, दुसरे काहीही न पाठविता, पूर्ण पाठविण्यास २२ तासांहून अधिक काळ लागतो. दुवा तासभरच तुटला असेल व त्या तासात संचयाचा दोन टक्के भाग पालटला असेल, तर तेवढाच भाग पाठविण्यास २७ मिनिटे पुरतात. म्हणून कोणता भाग पालटला हे जाणण्याचा मार्ग शोधणे अपरिहार्य झाले.

खूणपट : यासाठी सर्वाधिक रूढ झालेले साधन म्हणजे बिटमॅप किंवा खूणपट होय. तबकडीचे सारख्या आकाराचे विभाग कल्पून प्रत्येकासाठी एक बिट राखून ठेवतात. दुवा तुटलेला असताना एखाद्या विभागात लेखन झाले, की त्याचा बिट शून्याचा एक होतो. दुवा जुळल्यावर ज्यांचे बिट एक आहेत, तेच विभाग पाठवून बिट पुन्हा शून्य करतात. त्या विभागात एकदा लेखन झाले की शंभरदा, याची नोंद राहत नाही व तिची गरजही नसते. विभाग ४,०९६ बाइटांचा धरल्यास एक लक्ष कोटी बाइटांच्या तबकडीचा खूणपट सु. तीन कोटी बाइटांत बसतो, म्हणजे मूळ संचयाच्या सु. तेहतीस हजारांश जागेत. इतक्या अल्प मोबदल्यात एवढा लाभ देणारी युक्ती संगणकशास्त्रात विरळाच.

तथापि अडचण पुढे आहे. खूणपट संगणकाच्या अस्थायी स्मृतीत ठेवला, तर वीज जाताच तो पुसला जातो. म्हणून तो तबकडीवर ठेवला पाहिजे. शिवाय खूण प्रत्यक्ष लेखनाच्या आधी उमटली पाहिजे. ती मागाहून उमटवावयाची ठरविल्यास लेखन झाले व खूण राहून गेली, अशा फटीत संगणक बंद पडू शकतो आणि तो फरक कोणाच्याही ध्यानात न येता कायमचा राहतो. खूण आधी उमटविल्यास फार तर एखादा न पालटलेला विभाग विनाकारण पाठविला जाईल. अनावश्यक श्रम पत्करावेत, पण फरक नजरेआड होऊ देऊ नये, हा येथील दंडक आहे. त्याचे मूल्य असे, की प्रत्येक लेखनामागे तबकडीवर दोन लेखने होतात व तबकडीचे शीर्ष खूणपट आणि मूळ जागा यांमध्ये सारखे येरझारा घालीत राहते.

या दुपटीतून सुटण्याचा मार्ग लेखनाच्या स्वभावातच सापडला. कोणत्याही थोड्या काळात लेखन तबकडीभर विखुरलेले नसते. ते काही मोजक्या भागांत पुनःपुन्हा होत असते. म्हणून मोठे भाग कल्पावेत, सध्या ज्यांत लेखन चालू आहे अशा भागांची लहानशी यादी तबकडीवर ठेवावी व नवा भाग यादीत येईल तेव्हाच ती लिहावी. यादीतील भागात कितीही लेखने झाली, तरी तिला हात लावावा लागत नाही. संगणक अकस्मात बंद पडल्यास यादीतील सर्व भाग संशयित मानून ते पाठवावयाचे. व्हेरिटास कंपनीच्या तबकडी-व्यवस्थापन प्रणालीत अशा रीतीच्या भागवार नोंदी ठेवल्या जात. व्हिएन्ना येथे फिलिप राइस्नर यांनी आरंभिलेल्या व पुढे लार्स एलेनबर्ग यांच्या सहकार्याने वाढलेल्या डीआर्‌बीडी या मुक्त प्रणालीत हे तत्त्व संगणक-जालावरील प्रतिबिंबांना लावलेले आढळते. तिच्यात खूणपटाचा विभाग ४,०९६ बाइटांचा, तर क्रियाशील भागांच्या यादीतील भाग सु. ४२ लक्ष बाइटांचा असतो. यादीत १,२३७ भाग मावत असल्यास अपघातानंतर जास्तीत जास्त सु. ५०० कोटी बाइट पाठवावे लागतात. वर उल्लेखिलेल्या दुव्यावरून त्यास पाऊण मिनिटही लागत नाही. तबकडी कितीही मोठी असली, तरी ही मर्यादा पालटत नाही. ही प्रणाली २०१० मध्ये लिनक्सच्या अधिकृत गाभ्यात समाविष्ट झाली.

नोंदवही व क्रम : खूणपटाचा मोठा दोष असा, की तो लेखनाचा क्रम विसरतो. बँकेच्या खात्यातून रक्कम वजा होणे व दुसऱ्या खात्यात जमा होणे या दोन लेखनांचा क्रम माहिती-भांडारांच्या दृष्टीने प्राणभूत असतो. खूणपटावरून पुनर्मेळ चालू असताना विभाग तबकडीवरील स्थानाच्या क्रमाने पाठविले जातात, घडलेल्या क्रमाने नव्हे. त्यामुळे मेळ अर्ध्यावर असताना दूरची प्रत काल अर्धी व आज अर्धी अशा अवस्थेत असते. ती जुनी असती, तर तिचा उपयोग झाला असता. अर्धीनवी प्रत मात्र कोणत्याच क्षणीचे खरे चित्र दाखवीत नाही व तीवरून काम सुरू करता येत नाही. पुनर्मेळ सुरू असतानाच मुख्य केंद्र नष्ट झाले, तर मेळ घालण्याचा प्रयत्नच घातक ठरावा, अशी ही विचित्र परिस्थिती आहे. यावर उपाय म्हणजे मेळ सुरू करण्यापूर्वी दूरच्या प्रतीचे क्षणचित्र घेऊन ठेवणे, म्हणजे वेळ आलीच तर जुन्या पण सुसंगत अवस्थेकडे परतता येते. हा उपाय साधा आहे व त्यास जागा थोडी लागते. तरीही तो वगळलेला दिसतो, याचे नवल वाटते.

क्रम राखावयाचा असल्यास रोजकीर्दीप्रमाणे प्रत्येक लेखन घडलेल्या क्रमाने नोंदवहीत उतरविले पाहिजे. दुवा जुळल्यावर नोंदवही जेथे थांबली तेथून पुढे वाचून दूरची प्रत पावलापावलाने पुढे नेली जाते व ती प्रत्येक पावलावर सुसंगत राहते. परंतु नोंदवहीची पाने मोजकी असतात. दुवा फार काळ तुटून राहिल्यास ती भरून वाहू लागते. व्हेरिटास कंपनीच्या दूरस्थ प्रतिबिंबन प्रणालीत या दोन्ही साधनांची सांगड घातलेली होती : नोंदवहीत जागा असेपर्यंत क्रमशः नोंद व ती भरल्यावर खूणपट. या कंपनीचे पुण्यात मोठे संशोधन केंद्र होते. दूरस्थ प्रतिबिंबनावरील तिच्या अमेरिकी पेटंटांवर पुण्यातील अभियंत्यांची नावे आढळतात. ही कंपनी २००५ मध्ये सिमँटेक कंपनीत विलीन झाली, २०१६ मध्ये पुन्हा वेगळी झाली आणि २०२४ च्या अखेरीस तिचा माहिती-संरक्षणाचा भाग कोहेसिटी कंपनीशी जोडला गेला. पुणे ही प्रामुख्याने संगणकीय सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांची नगरी म्हणून ओळखली जाते; साठवण-तंत्राच्या गाभ्याशी असलेले तिचे नाते त्या मानाने अपरिचित राहिले आहे.

नोंदीशिवाय तुलना : कधी खूणपट वा नोंदवहीच हरवलेली वा अविश्वसनीय असते. अशा वेळी दोन दूरस्थ प्रतींतील फरक, त्या एकमेकींजवळ न आणता, शोधावा लागतो. यासाठी प्रत्येक विभागापासून विशिष्ट गणिती रीतीने एक छोटा पडताळा-अंक काढतात. दोन्ही बाजूंचे अंक जुळले, तर विभाग सारखे मानावयाचे. न जुळले, तर विभाग पाठवावयाचा. दोन भिन्न विभागांचे अंक योगायोगाने सारखे येण्याची शक्यता पुरेशा लांबीच्या अंकात नगण्य असते. राल्फ मर्कल यांनी १९७९ च्या सुमारास मांडलेल्या वृक्षरचनेत विभागांचे अंक जोडीजोडीने एकत्र करून वरचे अंक व अखेर एकच मूळ-अंक काढतात. मूळ-अंक जुळल्यास संपूर्ण प्रती जुळल्या. न जुळल्यास ज्या फांदीचा अंक भिन्न तीच धरून खाली उतरावयाचे. कोट्यवधी विभागांतून एक बिघडलेला विभाग शोधण्यास अशा रीतीने पंचवीस-तीस पायऱ्या पुरतात.

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्रू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आर्‌सिंक या पद्धतीने एक वेगळा प्रश्न सोडविला. फाइलच्या आरंभी एकच अक्षर घुसविले, तर पुढील सर्व मजकूर एका घराने सरकतो व ठरावीक विभागांचे सर्व पडताळा-अंक बिघडतात, जरी मजकूर तोच असला तरी. त्यांनी असा अंक योजला, की विभागाची खिडकी एका बाइटाने पुढे सरकविल्यास नवा अंक जुन्यावरून एकदोन बेरीज-वजाबाक्यांनी मिळतो. त्यामुळे प्रत्येक स्थानी जुळणी तपासणे शक्य झाले. तबकडीवरील विभाग जागचे हलत नसल्याने प्रतिबिंबांना या खास युक्तीची गरज भासत नाही. तरी दूरच्या प्रतीशी अंकांच्या द्वारे बोलण्याची रीत पुष्कळांनी आर्‌सिंकवरूनच आत्मसात केली. मात्र या सर्व पद्धतींत दोन्हीकडील तबकड्या आद्यंत वाचाव्या लागतात. दुव्याचे श्रम वाचतात, तबकडीचे नव्हे.

दोन खऱ्या प्रती : पुनर्मेळ सुरू करण्यापूर्वी कोणती प्रत खरी मानावयाची, हे ठरले पाहिजे. एरव्ही उत्तर उघड असते. परंतु दुवा तुटल्यावर प्रत्येक केंद्राने दुसरे बुडाले असे समजून स्वतः मुख्यपद घेतले, तर दोहोंवर स्वतंत्र लेखने होतात. या अवस्थेस द्विमस्तिष्क अवस्था वा स्प्लिट-ब्रेन म्हणतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा १७७६ मध्ये त्याचा निकाल लावणे अवघड असले तरी अशक्य नव्हते, कारण तो खोटा होता. येथे दोन्ही प्रती खऱ्या असतात व प्रत्येकीत दुसरीत नसलेली खरी माहिती असते. एकीला प्रमाण मानले, की दुसरीतील व्यवहार पुसले जातात. अशा वेळी कोणताही पुनर्मेळ हानीशिवाय होत नाही. म्हणून सारा भर अवस्था ओळखण्यावर व टाळण्यावर असतो. डीआर्‌बीडीसारख्या प्रणाल्या प्रत्येक प्रतीवर तिच्या पिढीची ओळख सांगणारे क्रमांक ठेवतात. ते पाहून एक प्रत दुसरीची पूर्वज आहे की दोघी एका पूर्वजापासून फुटल्या आहेत, हे कळते. टाळण्यासाठी तिसऱ्या जागी एक साक्षीदार संगणक ठेवतात व ज्या केंद्रास त्याची साथ मिळेल, तेवढ्यानेच काम चालू ठेवावयाचे असा नियम घालतात.

मुंबईतील प्रसंग : २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी ११.४० वाजता व्यवहार थांबविण्यात आले. बाजाराने मागाहून प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार, वांद्रे-कुर्ला संकुलातील मुख्य केंद्र व कुर्ला येथील निकट केंद्र यांना जोडणारे दुवे दोन निरनिराळ्या दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेले होते. दोन्ही केंद्रांमधील रस्त्यालगत चाललेल्या खोदकामामुळे व बांधकामामुळे दोन्ही कंपन्यांचे दुवे डळमळीत झाले. साठवण-यंत्रणेची रचना निकट केंद्रात काहीही न गमावता प्रत राहावी अशी होती. प्रत्यक्षात दुव्यांतील अस्थैर्यानंतर मुख्य केंद्रातील साठवण-यंत्रणाच संगणकांना दिसेनाशी झाली. सौद्यांची यंत्रणा चालू होती, परंतु जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा बंद पडल्याने सौदे चालू ठेवणे धोक्याचे होते. व्यवहार दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू होऊन सायंकाळी ५ पर्यंत चालले. मधल्या काळात त्याच दिवशी मिटवावयाचे सौदे घेऊन बसलेल्या अनेकांना मुंबई शेअर बाजारात मिळेल त्या भावाने मोकळे व्हावे लागले.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. दोन कंपन्यांचे दुवे कागदावर स्वतंत्र होते, पण दोन्ही एकाच कुदळीच्या टप्प्यात होते. पानशेतच्या पुरातील दोन वह्यांची कथा येथे तारांच्या बाबतीत घडली. दुसरी गोष्ट, पूर्णपणे तुटलेल्या दुव्यापेक्षा डळमळणारा दुवा प्रतिबिंबनास अधिक जाचक असतो. तुटलेल्या दुव्याबाबत निर्णय एकदाच घ्यावा लागतो. डळमळणाऱ्या दुव्यावर मेळ सुरू होतो, अर्ध्यावर तुटतो, पुन्हा सुरू होतो व दर वेळी यंत्रणेस थांबावे की एकटे जावे हे नव्याने ठरवावे लागते. समकालिक व्यवस्थेत तर प्रत्येक लेखन पोचेची वाट पाहत अडून राहते. म्हणून चांगल्या प्रणालीत दुवा काही काळ सलग स्थिर राहिल्याशिवाय पुनर्मेळास आरंभ करीत नाहीत व मेळाचा वेगही चालू कामाची अडवणूक होणार नाही इतपत आवरून धरतात. अभियंत्यांच्या भाषेत या दोन्ही साध्या खबरदाऱ्या आहेत, पण त्यांची परीक्षा अशाच दिवशी होते.

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, मार्च २०२१ मध्ये बाजार-संस्थांसाठी सुधारित नियम घालून दिले. महत्त्वाची यंत्रणा विस्कळित झाल्यास ३० मिनिटांत संकट जाहीर करावयाचे व त्यानंतर ४५ मिनिटांत दूर केंद्रावरून काम सुरू करावयाचे, निकट केंद्रामुळे काहीही माहिती गमावली जाऊ नये आणि दूर केंद्र शक्यतो निराळ्या भूकंपप्रवण विभागात किंवा ते न जमल्यास किमान ५०० किमी. अंतरावर असावे, अशा त्यांतील मुख्य अटी होत. २ मार्च २०२४ रोजी, शनिवार असूनही, राष्ट्रीय शेअर बाजाराने विशेष सत्र भरविले. त्याचा पहिला भाग मुख्य केंद्रावरून व दुसरा दूर केंद्रावरून चालविण्यात आला. अशा सरावाचे प्रयोजन यंत्रे चालतात की नाही एवढेच पाहण्याचे नसते. दूर केंद्रावर झालेले व्यवहार मुख्य केंद्रावर परत आणणे, म्हणजे उलट दिशेचा पुनर्मेळ, हाही त्याचा तितकाच महत्त्वाचा भाग असतो.

मर्यादा : प्रतिबिंब हे जतन करून ठेवलेल्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. चुकून पुसलेली फाइल दुसऱ्या प्रतीतूनही तत्क्षणी पुसली जाते, कारण पुसणे हेही एक लेखनच असते. जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये टँडेम प्रणालींच्या बंद पडण्याचा आढावा घेतला, तेव्हा सु. ४२ टक्के प्रसंगांचे मूळ यंत्रांच्या देखभालीत व माणसांच्या हातून झालेल्या चुकांत आढळले. यंत्रसामग्रीच्या बिघाडाचा वाटा सु. १८ टक्के होता. म्हणूनच ठराविक अंतराने घेतलेली क्षणचित्रे व जालापासून अलग ठेवलेली प्रत यांची आवश्यकता कायम आहे. फिरत्या तबकड्यांची जागा आता अनेक ठिकाणी स्थिर अर्धसंवाहक स्मृतींनी घेतली आहे. त्यांना शीर्षाच्या येरझाऱ्यांचा जाच नाही; पण लेखनांच्या संख्येने त्या झिजतात व त्यामुळे खूण उमटविण्यासाठी होणारी अतिरिक्त लेखने वाचविणाऱ्या युक्त्यांना निराळ्या कारणाने महत्त्व उरले आहे. मोठ्या सेवाकेंद्रांत तीन वा अधिक प्रती ठेवून बहुमताने खरी प्रत ठरविण्याच्या पद्धती प्रचारात आल्या आहेत. त्यांतही मागे पडलेल्या प्रतीस पुढे आणण्याचे काम नोंदवहीने व नोंदवही अपुरी पडल्यास क्षणचित्र पाठवूनच केले जाते. [⟶ संगणक].